आडनावाकडून नावाकडे : पूर्णेतून दिसणारी जपानी शाळा

मराठीत शाळेतल्या प्रेमाच्या गोष्टी आहेत आणि कॉलेजातल्या प्रेमाच्या तर पुष्कळच आहेत. मधल्या दोन वर्षांची, म्हणजे अकरावी-बारावीची गोष्ट मात्र शोधावी लागते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीच्या वर्गात घडते आणि दहावीच्या उंबरठ्यावर थांबते. सुहास शिरवळकर यांची ‘दुनियादारी’ पुण्यातल्या कॉलेजच्या कट्ट्यावर रंगते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला जब्या शाळकरी पोर आहे. त्यांच्याच ‘सैराट’मध्ये कॉलेजचा वर्ग आहे, पण ती गोष्ट त्या वर्गात फार काळ राहू शकत नाही, गावच तिला बाहेर हुसकावतं. सोळा ते अठरा या वयाचं रोजचं, साधं, वर्गातलं जगणं आपल्या कथाकारांनी जवळजवळ मोकळं सोडलं आहे.

नेमकी हीच वर्षं जपानी चित्रमालिकांच्या, म्हणजे अ‍ॅनिमेच्या, एका मोठ्या शाखेचा विषय आहेत. जपानमध्ये सहा वर्षं प्राथमिक, तीन वर्षं कनिष्ठ माध्यमिक आणि तीन वर्षं उच्च माध्यमिक अशी रचना आहे. शेवटची तीन वर्षं म्हणजे आपली दहावी, अकरावी आणि बारावी. या तीन वर्षांत एकाच इमारतीत, एकाच गणवेशात वावरणाऱ्या मुलामुलींच्या प्रेमकथांची तिथे चाळीस वर्षांहून अधिक जुनी परंपरा आहे. या मालिका आज परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइलवर पाहिल्या जातात. मी याच गावात राहतो आणि इतिहास शिकवतो. वर्गातल्या मुलामुलींच्या तोंडी ‘तोराडोरा’, ‘होरिमिया’, ‘किमी नि तोदोके’ ही नावं यायला लागली, तेव्हा प्रथम कुतूहल वाटलं आणि मग त्यामागे इतिहासाचा एक प्रश्न दिसू लागला. ज्या देशाची भाषा, जेवण, हवामान यांपैकी काहीच ओळखीचं नाही, तिथली शाळा पूर्णेच्या मुलांना आपली का वाटते?

‘या वयात प्रेमाच्या गोष्टी आवडायच्याच,’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. प्रेमकथा हिंदी सिनेमात आणि मराठी मालिकांतही भरपूर आहेत. माझं म्हणणं असं, की या मुलांना त्या गोष्टींतल्या प्रेमाइतकीच, किंबहुना जास्तच, त्यातली शाळा हवीशी वाटते. हे पटवून द्यायचं तर दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतील, जपानमधल्या एकत्र वर्गाचा आणि मराठवाड्यातल्या एकत्र वर्गाचा. त्याआधी या मालिका इथवर आल्या कशा, ते पाहू.

नोबितापासून सुरुवात

आपल्या घरांत जपानी चित्रपट्टी आली ती जपानी म्हणून आली नाही. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. ते निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी संस्थेने १९८९ मध्ये बनवलं होतं, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. मोगली आपला होता आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता. पुढे २००५ च्या सुमारास हंगामा वाहिनीवर हिंदी बोलणारा ‘डोरेमॉन’ आला, पाठोपाठ ‘शिनचॅन’ आला. मराठवाड्यातली एक अख्खी पिढी हिंदी शिकली ती या दोघांकडून. घरात मराठी बोलणारं पोर आईकडे हिंदीत खाऊ मागू लागलं, ही तक्रार तेव्हा घरोघरी होती.

‘डोरेमॉन’ची चित्रकथा जपानमध्ये १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. तिच्यातला नोबिता अभ्यासात ढ, खेळात कच्चा आणि शिझुका नावाच्या वर्गमैत्रिणीवर मनातून जीव टाकणारा. या मालिकेने आपल्या मुलांना दोन गोष्टींची सवय लावली. एक म्हणजे मुलगा-मुलगी एका वर्गात असतात, एकमेकांच्या घरी अभ्यासाला जातात आणि त्यात जगबुडी होत नाही. दुसरी म्हणजे नायक हुशार, देखणा किंवा दांडगा असावाच लागतो असं नाही. दहा वर्षांनी हीच मुलं शालेय प्रेमकथांकडे वळली, तेव्हा त्यांना घर बदलल्यासारखं वाटलं नाही. नोबिता मोठा झाला, एवढंच.

मधल्या काळात दोन घटना घडल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन वर्गासाठी म्हणून मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, हाती फोन आला. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये माकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला होता. तो इथे प्रदर्शित व्हावा म्हणून चाहत्यांनी ऑनलाइन सह्यांची मोहीम चालवली होती. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचाच ‘सुझुमे’ आला. हे सिनेमे मोठ्या शहरांत लागले. पूर्णेत जे आलं ते फोनवरून आलं, कधी हिंदी आवाजात, कधी खाली इंग्रजी ओळी वाचत. इंग्रजीच्या पुस्तकाला हात न लावणारी मुलं या ओळी भराभर वाचतात, हे मी पाहिलं आहे.

जपानमधला एकत्र वर्ग

या मालिका पाहताना असं वाटतं, की जपानमध्ये मुलं-मुली पूर्वापार एकत्रच शिकत आली असावीत. तसं नाही. सात वर्षांचे झाल्यावर मुलगा आणि मुलगी यांनी एका आसनावर बसू नये, हा चिनी परंपरेतून आलेला संकेत तिथे चांगलाच रुजलेला होता. १८९९ च्या हुकमाने मुलींसाठी स्वतंत्र उच्च कन्याशाळांची घडी बसवली गेली. प्राथमिक शाळा संपली की वाटा वेगळ्या होत. मुलींनी काय शिकायचं ते चांगली पत्नी आणि शहाणी माता घडवण्याच्या हिशेबाने ठरे. मालिकांमध्ये दिसणारा मुलींचा खलाशी धाटणीचा गणवेश १९२० च्या आसपासचा, अशा मुलींच्याच शाळांतला. मुलांचा उभ्या कॉलरचा काळा कोट त्याहून जुना आणि लष्करी वळणाचा. म्हणजे आज जे दोन गणवेश एका चौकटीत शेजारी दिसतात, ते जन्मले वेगवेगळ्या कुंपणांच्या आत.

कुंपण मोडलं ते युद्धातल्या पराभवानंतर. १९४७ च्या मूलभूत शिक्षण कायद्याने सहशिक्षणाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी नवी सहा-तीन-तीन रचना सुरू झाली. बहुतेक सरकारी उच्च माध्यमिक शाळा एकत्र झाल्या, तरी सगळ्या नाहीत. टोकियोच्या उत्तरेला साइतामा, गुन्मा या प्रांतांत केवळ मुलांच्या किंवा केवळ मुलींच्या काही सरकारी शाळा पुढेही दीर्घकाळ राहिल्या. जिथे वर्ग एक झाले, तिथेही हजेरीच्या पटावर आधी सगळे मुलगे आणि मग सगळ्या मुली, ही पद्धत पुष्कळ वर्षं टिकली. आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच १९४७ साली ‘असाही शिंबुन’ या दैनिकात इशिझाका योजिरो यांची ‘आओइ सान्म्याकु’ (निळी पर्वतरांग) ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. एका लहान गावातल्या कन्याशाळेत, मुलाने लिहिल्यासारखं भासणारं एक खोटं प्रेमपत्र वर्गमैत्रिणीच एका मुलीला पाठवतात आणि त्यावरून सगळं गाव ढवळून निघतं. शाळेची अब्रू, गावाची अब्रू, पालकांच्या सभा. एक तरुण शिक्षिका मात्र म्हणते, की मुलग्याशी बोलणं हा गुन्हा नव्हे. दोन वर्षांनी तादाशी इमाई यांनी त्यावर चित्रपट केला आणि तो अफाट गाजला. त्या काळच्या जपानी प्रेक्षकांनी ही गोष्ट लोकशाहीची म्हणून पाहिली. मुलगा-मुलगी सरळ तोंडाने बोलू शकतात की नाही, यावर नवा देश खरंच नवा आहे की नाही, हे ठरणार होतं.

मात्र त्या वेळी उच्च माध्यमिक शाळा सगळ्यांना मिळत नव्हती. १९५० मध्ये त्या वयाच्या मुलांपैकी सुमारे ४२ टक्के मुलं तिथवर पोहोचत. १९७४ मध्ये हे प्रमाण नव्वदीच्या पुढे गेलं. म्हणजे एका पिढीच्या आत ही तीन वर्षं जवळपास प्रत्येक जपानी माणसाच्या आयुष्याचा भाग झाली. या प्रकारच्या कथांना बहर आला तो त्यानंतरच. मित्सुरू आदाची यांची ‘टच’ ही बेसबॉल आणि प्रेम यांची चित्रकथा १९८१ ते १९८६ या काळात आली. पाठोपाठ ‘किमागुरे ऑरेंज रोड’ आली. १९९४ मध्ये कोनामी कंपनीने ‘तोकिमेकी मेमोरियल’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. खेळणाऱ्याने शाळेची तीन वर्षं काढायची आणि पदवीदानाच्या दिवशी एका झाडाखाली प्रेमाची कबुली मिळते का, ते पाहायचं. पुढच्या असंख्य मालिकांचा साचा यातून पक्का झाला. एप्रिलमध्ये चेरी फुलताना प्रवेश, उन्हाळ्यातला उत्सव, शरदातलं शाळेचं संमेलन, मार्चमध्ये निरोप.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून यांपैकी पुष्कळ मालिका जपानी वाहिन्यांवर मध्यरात्रीनंतर लागू लागल्या. त्या वेळी जागा असणारा प्रेक्षक शाळकरी नसतो. तो नोकरीवरून थकून आलेला मोठा माणूस असतो. त्याच्यासाठी ही शाळा म्हणजे मागे पडलेली, थोडी सजवलेली आठवण आहे. तिथल्या खऱ्या शाळेत छळ आहे, प्रवेश परीक्षांचा धसका आहे, शाळेत जायलाच नकार देणारी मुलं आहेत. मुलंच कमी झाल्याने बंद पडणाऱ्या शाळाही आहेत. पूर्णेतला प्रेक्षक मात्र स्वतःच सोळा-सतरा वर्षांचा आहे. जपानी माणूस जे आठवतो, त्याची हा मुलगा वाट पाहत असतो.

मराठवाड्यातला एकत्र वर्ग

जपानमध्ये नवा शिक्षण कायदा आला त्याच्या पुढच्या वर्षी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तोवर इथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. मराठी शाळा काढणं हे राष्ट्रीय कार्य होतं. अंबाजोगाईचं योगेश्वरी, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा या संस्थांचा इतिहास स्वातंत्र्यलढ्यापासून वेगळा करता येत नाही. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक असलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी पुढे त्या लढ्याचं नेतृत्व केलं. ज्या प्रदेशात मुलग्यांनाच मातृभाषेतून मॅट्रिक गाठणं अवघड होतं, तिथे मुलींची काय कथा?

खरी सुरुवात मुक्तीनंतर झाली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं. एकत्र वर्गाची आपली परंपरा ही अशी जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे, म्हणजे जपानइतकीच.

पूर्णेला याची एक जास्तीची किनार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग इथून गेला, पुढे हिंगोलीकडे फाटा निघाला आणि हे गाव जंक्शन झालं. रेल्वेने तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारी कुटुंबं आणली, निरनिराळ्या जातींची माणसं एका ओळीतल्या क्वार्टरांत राहायला आली. बदल्या होत राहिल्यामुळे वर्गात दर वर्षी एखादं नवं नाव यायचं आणि एखादं जायचं. मध्येच बदलून आलेला विद्यार्थी हा जपानी शालेय कथांचा हुकमी प्रसंग आहे. रेल्वे कॉलनी असलेल्या गावाला तो मुद्दाम शिकवावा लागत नाही.

पण एकत्र वर्ग म्हणजे एकत्र बसणं नव्हे. माझ्या विद्यार्थिदशेत, १९८० च्या दशकात, मुली ‘लेडीज रूम’मध्ये थांबत, सरांच्या मागोमाग ओळीने वर्गात येत आणि तास संपला की सरांच्याच मागोमाग बाहेर पडत. पाच वर्षं एका वर्गात काढून ज्यांच्याशी पाच वाक्यं बोललो नाही, अशा वर्गभगिनी माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला आहेत. ‘वर्गभगिनी’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मुलीशी बोलायचं तर आधी तिला बहीण करून घ्यायचं, ही ती तडजोड होती.

आडनाव

दोन्हीकडच्या वर्गांत एक साम्य असं आहे, की ते लक्षात आल्यावर मला या मुलांची आवड अधिक समजली. जपानी शाळेत एकमेकांना आडनावाने हाक मारतात. मुलगा मुलीला पहिल्या नावाने हाक मारू लागला, तर ती नात्यातली मोठी पायरी असते. एखाद्या मालिकेत बारा-बारा भाग नायक-नायिका एकमेकांना आडनावाने हाका मारतात आणि मग एका संध्याकाळी कुणीतरी चाचरत पहिलं नाव उच्चारतं. हिंदी सिनेमावर वाढलेल्या शहरी प्रेक्षकाला यात काय मोठं, असं वाटेल. आपल्या शाळांत वाढलेल्याला वाटणार नाही. ‘शाळा’ कादंबरीतला मुकुंद जिच्यासाठी झुरतो ती त्याच्या लेखी ‘शिरोडकर’च असते. आमच्याही वर्गात मुली म्हणजे कुलकर्णी, शिंदे, कांबळे, देशमुख अशाच होत्या. नुसतं नाव घेणं म्हणजे जवळीक जाहीर करणं.

पण इथेच दोन्ही वाटा फुटतात. जपानी वर्गात आडनाव हा एक दूर ठेवणारा शिष्टाचार आहे. आपल्या वर्गात आडनाव हा पत्ता आहे. ते ऐकताच समोरच्याला जात कळते किंवा कळल्यासारखी वाटते, आणि पुढचं बोलणं त्याप्रमाणे वळण घेतं. मराठवाड्याला नावाचं मोल नव्याने सांगायला नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर गावोगावी दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नाव प्रत्यक्ष लागलं ते १४ जानेवारी १९९४ रोजी, साडेपंधरा वर्षांनी. एका विद्यापीठाच्या नावासाठी जिथे इतकं सोसावं लागलं, तिथे वर्गातल्या दोघांनी आडनाव ओलांडून एकमेकांच्या नावापर्यंत पोहोचणं ही काही हळवी बाब नाही.

म्हणून आपल्या प्रेमकथेत अडथळा बाहेर असतो. बाप, भाऊ, भावकी, गाव. जपानी शालेय कथेत तो आत असतो. तिच्याशी कसं बोलू, तिला काय वाटेल, मी तिच्या लायक आहे का. ‘किमी नि तोदोके’तल्या सावाकोला वर्ग घाबरतो, कारण लांब केसांमुळे ती भयपटातल्या भुतासारखी दिसते, तिची सगळी लढाई स्वतःच्या बुजरेपणाशी आणि इतरांच्या गैरसमजाशी आहे. प्रेमाची कबुली, जिला तिकडे ‘कोकुहाकु’ म्हणतात, हाच त्या गोष्टींतला मोठा प्रसंग असतो. आपल्याकडे कबुलीनंतर गोष्ट सुरू होते आणि पुष्कळदा वाईट दिशेने जाते.

वर्गातल्या एका मुलीला मी विचारलं, की या मालिकांत इतकं काय आहे? ती म्हणाली, “सर, त्यात कुणी मरत नाही.” मी तिच्याकडे पाहत राहिलो. तिने आधी पाहिलेल्या प्रेमकथा कोणत्या असतील, हे सांगायची गरज नव्हती. आंतरजातीय प्रेमाचा शेवट काय होतो ते आपण सिनेमात पाहतो, वर्तमानपत्रात वाचतो, आणि शेजारच्या गावातून ऐकतो. ज्या गोष्टीत सर्वांत वाईट शेवट म्हणजे नकार, ती गोष्ट या मुलीला स्वप्नासारखी वाटली तर नवल नाही.

इथे एक सावधगिरी हवी. जपान जातीविना समाज आहे असं कुणी समजू नये. तिथे बुराकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजाला लग्न आणि नोकरी यांत भेदभाव सोसावा लागल्याचा मोठा इतिहास आहे, आणि त्याविरुद्ध १९२२ पासून संघटित लढाही आहे. या मालिकांच्या वर्गात तो सहसा कुठेच दिसत नाही. म्हणजे ती शाळा सोपी वाटते, याचं एक कारण तिच्यातून अवघड भाग वगळलेला आहे. शिवाय मुलींच्या शरीराकडे ओंगळ नजरेने पाहणाऱ्या मालिकाही या प्रकारात पुष्कळ आहेत. मुलींशी बोलताना एक जाणवलं, की त्या अशा मालिका लवकर सोडून देतात. त्यांना आवडते ती ‘होरिमिया’तली होरी. वर्गात नीटनेटकी, सगळ्यांची लाडकी. घरी आल्यावर केस बांधून स्वयंपाक करणारी आणि धाकट्या भावाला सांभाळणारी. मुलांपैकी कित्येकांना ‘तोराडोरा’तला र्‍युजी जवळचा वाटतो. आई रात्रपाळी करते म्हणून घरचा स्वयंपाक आणि झाडलोट तोच करतो. घरकाम करणारा नायक आणि त्याबद्दल त्याला कुणी हसत नाही, हे आमच्या मुलांनी इतरत्र फारसं पाहिलेलं नाही.

हरवलेली दोन वर्षं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. अकरावी-बारावीची गोष्ट मराठीत का नाही?

महाराष्ट्रात पूर्वी अकरावी मॅट्रिक होती. नव्या १०+२+३ रचनेनुसार दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि तिथे शाळा तुटली. पुढची दोन वर्षं कनिष्ठ महाविद्यालय या नावाने कुठे शाळेला, कुठे महाविद्यालयाला जोडली गेली. ती धड शाळा राहिली नाही आणि धड कॉलेजही झाली नाही. जपानमध्ये पंधरा ते अठरा हा एक सलग तुकडा आहे. एक इमारत, एक गणवेश, एक मित्रमंडळ. आपल्याकडे बरोबर त्याच्या मधोमध दहावीच्या बोर्डाची भिंत आहे. दहावीला वर्ग फुटतो, मुलं शहरांत पांगतात, काही मुलींचं शिक्षण तिथेच थांबतं.

पुढे उरलेली दोन वर्षं परीक्षेने खाल्ली. नव्वदच्या दशकात ‘लातूर पॅटर्न’चं नाव झालं, नंतर नांदेडही शिकवण्यांचं मोठं केंद्र बनलं. वैद्यकीय प्रवेशासाठी कालांतराने ‘नीट’ हीच एक परीक्षा उरली, अभियांत्रिकीला जेईई आणि सीईटी आल्या. बारावीच्या गुणांची किंमत उतरली तशी बारावीच्या वर्गाचीही उतरली. प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवस मात्र खासगी क्लासमध्ये, ही व्यवस्था सर्रास झाली. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी घ्या, असे आदेश राज्य शासनाला २०१८ मध्ये काढावे लागले, यातच सगळं आलं.

पूर्णेहून नांदेड आणि परभणी, दोन्ही तीसएक किलोमीटरवर. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परतणारी मुलं आमच्या गावात नवी नाहीत. त्यांच्या वाट्याला आलेला वर्ग म्हणजे एका हॉलमध्ये बसलेली दोन-तीनशे मुलं, पुढे माइक घेतलेले सर आणि दर रविवारी चाचणी. तिथे नाव आणि आडनाव दोन्ही मागे पडतात. उरतो तो रोल नंबर आणि रँक. स्नेहसंमेलन नाही, मैदान नाही, वर्ग झाडण्याची पाळी नाही, फळा पुसण्यावरून भांडण नाही. निरोप समारंभसुद्धा आपण बोर्डाच्या परीक्षेआधी उरकून घेतो. परीक्षा संपल्यावर कुणी कुणाला भेटत नाही.

आता जपानी मालिकांत काय दिसतं ते पाहा. शाळा सुटल्यावर मुलं घरी जात नाहीत, मंडळात जातात. कुणी वाजवतं, कुणी धावतं, कुणी सुलेखन करतं. वर्ग मुलंच झाडतात. फळ्यावर त्या दिवशीच्या पाळीवाल्यांची नावं असतात. संमेलनात अख्खा वर्ग मिळून चहाचं दुकान थाटतो. शेवटच्या दिवशी मुलगी मुलाकडे त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण मागते, कारण ते हृदयाच्या सर्वांत जवळचं मानतात. एका मुलाने मला सांगितलं, की ते प्रेम वगैरे ठीक आहे, पण त्याला सर्वांत आवडतं ते शाळा सुटल्यावर वर्गात नुसतं बसून राहणं. मागे ऊन उतरलेलं आणि कुणाला घाई नाही. मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. त्या मुलाच्या दिवसात रिकामा वर्ग आणि रिकामा तास या दोन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत.

शिंकाई यांचा ‘फाइव्ह सेंटिमीटर्स पर सेकंड’ (२००७) हा चित्रपट आमच्या मुलांना भिडतो तोही याच अंगाने. त्यातला तेरा वर्षांचा मुलगा गाव सोडून गेलेल्या मैत्रिणीला भेटायला एका संध्याकाळी एकामागून एक गाड्या बदलत निघतो. बर्फामुळे गाडी वाटेत थांबून राहते, तास उलटत जातात, आणि ती तिकडे स्टेशनवर बसून असते. बर्फ आम्ही पाहिलेलं नाही. पण आउटरला खोळंबलेली गाडी, आणि पुढे कुणीतरी वाट पाहत असल्याची घालमेल, यासाठी पूर्णेच्या माणसाला खाली इंग्रजी ओळी वाचाव्या लागत नाहीत.

पालक मला विचारतात, की हे वेड कसं सोडवायचं? फोन काढून घेतला तर ते महिनाभर सुटेलही. पण मुलं त्यात काय शोधतात हे पाहिलं, तर इलाज वेगळा दिसतो. मुलामुलींनी एकत्र मिळून काही करावं असा तास, ज्याचे गुण नाहीत. परीक्षा संपल्यानंतरचा निरोप. बाकावर मुलगे-मुली अशी ओळ न पाडणारे शिक्षक. आणि हजेरी घेताना आडनावाऐवजी नाव घेण्याची सवय. ती मी माझ्यापुरती लावून घेतली आहे आणि तिला खर्च काही येत नाही. पहिले काही दिवस मुलं गोंधळतात, मुली हसतात, मग कान सरावतात.

एकत्र वर्ग ही निसर्गाने दिलेली गोष्ट नाही, हे दोन्ही इतिहास सांगतात. जपानला तो १९४७ च्या कायद्याने मिळाला, आपल्याला १९४८ नंतर माणसांनी एकेक संस्था उभारून मिळवून दिला. जे मिळवावं लागतं ते जातंही, आणि आपल्याकडे ते कुणी बंदी न घालता, केवळ वेळापत्रकातून निसटत चाललं आहे. पूर्णेतली मुलं मोबाइलच्या पडद्यावर परक्या देशातला वर्ग पाहत बसतात, तेव्हा ती आपल्याला तेवढंच सांगत असतात. ते ऐकायला जपानी यावं लागत नाही.